सौनात घाम गाळलेली रायफल

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी रायफल आहे. साठी उलटून गेली माझी. घाबरू नका, माझ्यात काडतूस नाही. आणि नसलं तरी मला हात लावण्याआधी माझ्या मालकाला, रूबेनला, विचारावं लागेल, हा या घरचा नियम आहे. तो मोठ्यांनाही लागू आहे.

माझा जन्म रशियातल्या एका कारखान्यात, ऐन युद्धात झाला. डोक्याला रुमाल बांधलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरी तिथे रात्रंदिवस लेथवर उभ्या असत. वेळ कोणाला होता चकचकीत करायला? माझ्या नळीवर लेथच्या रेघा अजून दिसतात. नळीवर, बोल्टवर, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या नि बाहेर काढणाऱ्या खिटीवर, आणि दस्त्याच्या पत्र्यावर त्यांनी एकच नंबर ठोकला आणि मला दोन हिवाळे लढाईवर पाठवलं. त्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही. तुमच्यापुढे सांगावं असं त्यात काही नाही.

युद्ध संपलं तसं मला दुरुस्त केलं, जाड तपकिरी ग्रीसमध्ये बुडवलं, कागदात गुंडाळलं आणि एका पेटीत वीसजणींना एकमेकींच्या पायाशी डोकं करून झोपवलं. पन्नास वर्षं! कुंभकर्णाने हात टेकले असते. जाग आली ती थेट अमेरिकेत, वरच्या मिशिगनमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात. कोपऱ्यात झाडू उभे करावेत तसं आम्हाला एका पिंपात उभं केलं होतं. शेजारच्या बर्फ ढकलायच्या यंत्राच्या किमतीत माझ्यासारख्या दहाजणी आल्या असत्या. स्वस्तात मिळालं की माणसाला त्याची किंमत नसते, हे मी तिथेच शिकले.

पण रूबेन केटुनेन तसा नव्हता. बाह्या वर सारून तो पिंपातल्या एकेकीला बाहेर काढून बोटाने ग्रीस पुसत नंबर वाचत बसला. माझे तिन्ही नंबर जुळले तेव्हा त्याचा चेहरा असा खुलला, की दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाइकाला सोडून त्याच्याकडे पाहिलं. रूबेन चाळीस वर्षं गावात टपाल वाटत होता आणि वर्षभरापूर्वी निवृत्त झाला होता. त्याच्या घरी माझ्यासारख्या सहाजणी आधीच होत्या. त्याची बायको एल्ना त्यांना 'तुझ्या म्हाताऱ्या' म्हणायची. मी सातवी.

आता अंगभर मुरलेलं ग्रीस काढायचं कसं? इथे प्रत्येक परसात सौना असतो. सौना म्हणजे लाकडाची खोली, आत तापलेले दगड, त्यांवर पाणी ओतायचं आणि बाकावर बसून घाम गाळायचा. शनिवारी सौना चुकवणारा माणूस या गावात आजारी तरी असतो किंवा परगावचा तरी. रूबेनला वाटलं, माणसाचा मळ निघतो तर हिचा का नाही निघणार? एल्ना बहिणीकडे गेलीय ही संधी साधून त्याने सौना पेटवला, मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि सर्वांत वरच्या बाकावर बसवलं.

काय सांगू मित्रांनो, काय सुख होतं ते! पन्नास वर्षांचं ग्रीस लाकडातून पाझरू लागलं. मी घाम गाळत होते आणि रूबेन शेजारी उघडाबंब बसून मला पुसत होता. पण निम्मं ग्रीस बाकाच्या फळ्यांत जिरलं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. शनिवारी एल्नाची आई, त्र्याऐंशी वर्षांची इंपीआजी, नेहमीप्रमाणे वरच्या बाकावर बसली आणि उठायला गेली तर उठेचना. एल्नाने त्या दिवशी रूबेनला जे सुनावलं ते सगळं काही सांगण्याजोगं नाही. शेवटी निकाल लागला, की यापुढे रूबेनच्या एकाही म्हातारीने सौनाच्या दहा पावलांच्या आत यायचं नाही.

मी मात्र चकाचक झाले होते. रूबेन मला गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. पहिल्या पाच गोळ्या कागदी लक्ष्याच्या मधोमध! सहावी सुटली आणि माझा बोल्ट असा अडकला की उघडायचं नाव नाही. रूबेनने जोर लावला, लाल झाला, शेवटी चुलीत घालायच्या ओंडक्याने ठोकून उघडला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पाच गोळ्या झकास आणि मग ठोकाठोकी.

दुखणं काय होतं ते मला ठाऊक होतं. काडतूस जिथे बसतं तो माझा घसा. तिथे ग्रीसचा पातळ थर राहिला होता. नळी थंड असेतो ठीक, पण ती तापली की तो थर गुळाच्या पाकासारखा चिकट व्हायचा आणि रिकामं काडतूस धरून ठेवायचा. पण मला तोंड असून सांगता थोडंच येत होतं! आणि उपचार म्हणून माझ्या बोल्टवर ओंडका. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

रूबेनचा शाळेपासूनचा दोस्त हार्लन पेल्कोला हे सगळं बघत उभा असायचा. "दे मला ती," तो म्हणायचा. "नळी वीतभर कापतो, दस्ता तासतो. हरणाच्या शिकारीला सुटसुटीत होईल. नाहीतरी हिच्यात दम नाही." रूबेन आठवडाभर ऐकून घेत राहिला आणि एक दिवस भडकला. पानगळीच्या दिवसांत गावच्या नेमबाजी क्लबात जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा असते. मूळ रूपात असलेल्या रायफलीच तिथे चालतात, दुर्बीण लावलेली किंवा कापलेली चालत नाही. तीन मिनिटांत दहा गोळ्या मारायच्या. हिने दहा मारल्या नाहीत, तर ही तुझी, खुशाल काप, असं रूबेन चारचौघांत बोलून गेला. हार्लनने लगेच हात पुढे केला. गाडीपर्यंत पोचेतो रूबेन पस्तावला होता, पण दिलेला शब्द फिरवणारा तो माणूस नव्हता.

मित्रांनो, करवत ही काय चीज आहे ते लाकडालाच विचारा. माझी तर झोपच उडाली. रूबेनचीही उडाली. तो रोज माझी नळी साफ करायचा. सळईला चिंधी लावून दहा-दहा वेळा घालायचा. चिंधी पांढरीशुभ्र निघायची आणि बिचारा आणखीनच बुचकळ्यात पडायचा. नळी अरुंद आणि घसा रुंद. नळीच्या मापाची चिंधी घशातून जाताना त्याला शिवतसुद्धा नव्हती.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, इंपीआजी ओसरीत पास्ट्यांसाठी, म्हणजे इकडच्या खाऱ्या करंज्यांसाठी, बटाटे सोलत बसली होती. रूबेनने सुतकी चेहऱ्याने मला भिंतीला टेकवलं आणि रिकाम्या काडतुसांचा वाडगा तिच्याजवळ ठेवला. तिने सहज एक काडतूस उचललं, नखाने खरवडलं. नखाला तपकिरी चिकटा आला. इंपीआजी मूळची फिनलंडची. लढाईच्या वर्षांत तिथल्या शस्त्रागारात ती रायफली धुवायचं काम करायची, आणि शत्रूकडून हिसकावलेल्या माझ्या कितीतरी बहिणी तिच्या हाताखालून गेल्या होत्या. तिने बटाट्याची सुरी खाली ठेवली.

"जावईबापू, हिचं तोंड धुतलंत, दात घासलेत. घसा कोण धुणार?"

"आई, चिंधी बघा की, दुधासारखी निघतेय."

"घागरीतून लिंबू गडगडत गेलं म्हणजे घागर घासली जाते का? जाड फडकं आणा. आणि उकळतं पाणी. सौना तापलाय ना?"

सौनाच्या दारात एल्ना उभी होती. हाताची घडी, कपाळाला आठ्या. माझ्या सौनात ही पुन्हा येणार नाही, ती म्हणाली. इंपीआजीने सांगितलं, की सौना तुझ्या वडिलांनी बांधलाय, त्यातले दगड मी तळ्याकाठून वेचून आणलेत, तेव्हा सरक बाजूला. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. रूबेन मला छातीशी धरून मध्ये उभा होता. एल्नाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या.

"नोकरी संपल्यावर सहा महिने हा खिडकीत बसून दुसऱ्याची टपालगाडी बघत होता," ती आईला हळूच म्हणाली. "या म्हाताऱ्यांनी त्याला खुर्चीतून उठवलं. आधी बाकावर जुनी चादर टाका, मग काय ते करा."

मग मला पुन्हा तो शेक मिळाला. इंपीआजीने सळईला जाड फडकं घट्ट गुंडाळलं आणि माझ्या घशात घालून गरागरा फिरवलं. काळंतपकिरी निघालं. दुसरं फडकं, तिसरं, मग उकळतं पाणी, पुन्हा फडकं. एल्नाच पाण्याच्या बादल्या आणत होती. नववं फडकं कोरं निघालं तेव्हा आजीने तेलाचा हलका हात फिरवला आणि बोल्ट एका बोटाने उघडून दाखवला. खरं सांगते, मला रडू आलं असतं, पण पाण्याने मला गंज चढतो.

रविवारी सकाळी मैदानावर सतरा जण होते. इंपीआजी घडीच्या खुर्चीत गुडघ्यावर शाल घेऊन बसली होती. हार्लन आपली फेरी आटपून ओंडका हातात घेऊन माझ्या मागेच उभा. पहिल्या पाच गोळ्या सुटल्या. रूबेनने पुढच्या पाच भरल्या, सहावी सुटली आणि त्याचा हात बोल्टवर थबकला. त्याने बोल्ट वर केला आणि तो लोण्यातून सुरी जावी तसा उघडला! सातवी, आठवी, नववी. दहावी सुटली तेव्हा चाळीस सेकंद उरले होते. खोटं कशाला सांगू, आमचा नंबर अकरावा आला. रूबेन कागद बघायचं सोडून एल्नाला मिठी मारायला धावला, आणि ती लोक बघतायत म्हणून त्याला ढकलत होती.

हार्लनचा चौथा नंबर आला होता, पण तो माझ्यापाशीच उभा होता. त्याने माझा बोल्ट तीनदा उघडला, मिटला. काय केलंस, असं त्याने विचारलं. रूबेनने जाड फडक्याचं सगळं सांगितलं. हार्लनने ओंडका खाली ठेवला.

"गेल्या वर्षी माझी एक अशीच अडकायची," तो म्हणाला. "मी कापली तिला. तरीही अडकतेच. फेकून द्यायला काढली होती."

इंपीआजीने कॉफीचा पेला बाजूला ठेवला.

"पुढच्या शनिवारी घेऊन ये तिला," ती म्हणाली. "आखूड झाली म्हणून काय तिचा घसा धुवायचा नाही?"

मित्रांनो, ती आली. दस्ता तासलेला, नळी वीतभर कमी. तिचे नंबर मी वाचले. ती माझ्याच कारखान्यातली निघाली, माझ्याहून दोन महिन्यांनी धाकटी. एल्नाने न सांगता चादर टाकली आणि आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून घाम गाळला. तिला मूळ रूपातल्या रायफलींच्या स्पर्धेत आता कोणी घेणार नाही. जे कापलं ते पुन्हा जोडता येत नाही. पण हार्लन तिला दर रविवारी मैदानावर आणतो आणि संध्याकाळी न विसरता गरम पाण्याने धुतो.

तुमच्याही घरात एखादी जुनी, स्वस्तातली, अडून बसणारी वस्तू असेल. कदाचित एखादं माणूसही असेल. ओंडका सगळ्यांच्याच हाताशी असतो, करवतही मिळते. ती उचलण्याआधी एकदा वाकून नीट बघा, ते नेमकं कुठे अडलंय. आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही हो.