पहिली पिढी, चौथी पिढी आणि दहा मिनिटं

"यंत्र असो की माणूस, पहिली पिढी तेवढी अस्सल. पुढच्या सगळ्या नुसत्या आवृत्त्या." आमचे कप्तान हे वाक्य दर रविवारी सकाळी हातमोजे चढवता चढवता उच्चारत. उच्चारून झालं की आम्ही चौघं त्यांची मोटरसायकल उतारापर्यंत ढकलत नेत असू, कारण पहिल्या पिढीला बटण दाबून सुरू होणं कमीपणाचं वाटे.

कप्तान म्हणजे बॉयलर तपासनीस म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, वय सहासष्ट. डोंगरदऱ्यांतून लांबलांबचे दौरे करणाऱ्या मोटरसायकलवाल्यांचा आमचा क्लब त्यांनीच काढला. वर्षातून एकदा बारा दिवसांचा मोठा दौरा निघतो. त्याचं म्होरकेपण बावीस वर्षं त्यांच्याकडे होतं. घरी त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारून देत नसे, पण दौऱ्यात ते हात वर करीत आणि चौदा गाड्या थांबत. माणसाला जगायला एवढं पुरतं.

यंदा त्यांच्या सूनबाईंनी त्याच गाडीची चौथी पिढी घेतली. नाव तेच, रंग तोच, पण नकाशा दाखवणारा पडदा, गरम होणाऱ्या मुठी, चिखल आणि पाऊस ओळखून स्वतःला आवरणारं चाक. सूनबाई व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट, म्हणजे लोकांना दुखेल तिथं दाबून त्याचे पैसे घेणाऱ्या. त्यांनी म्होरकेपणासाठी अर्ज दिला. कप्तानांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "मोबाइलला चाकं लावली म्हणून तो घाट चढत नाही."

तेव्हा ठरलं, की दोन्ही गाड्यांची रीतसर तुलना करायची आणि तीसुद्धा उचल-परीक्षेच्या दिवशीच.

उचल-परीक्षा हा कप्तानांचाच शोध. दौऱ्याआधी प्रत्येकानं आपली गाडी, दोन्ही बाजूंच्या पेट्या आणि भरलेली टाकी यांसकट जमिनीवर आडवी करायची आणि दहा मिनिटांत एकट्यानं उभी करायची. नियम त्यांच्याच अक्षरात लिहिलेला आहे: कुणीही हात लावायचा नाही. पडलेल्यानं स्वतःच्या तोंडानं 'मदत' म्हटलं, तरच लावायचा. आणि म्हटलं, की त्याचं नाव खोडायचं. तीन वर्षांपूर्वी आमच्या औषधवाल्यांनी तो शब्द उच्चारला होता. पाठीत उसण भरून ते गाडीवर पालथे पडले होते. कप्तानांनी खिशातून पेन काढून, त्यांच्याच पाठीवर कागद ठेवून, नाव खोडलं. तेव्हापासून औषधवाले रविवारी चहाच्या टपरीपर्यंत येतात आणि परत जातात. क्लबची नियमवही आणि घड्याळ त्यांच्याकडे आहे. दोन्ही त्यांनी हट्टानं मागून घेतली.

आधी भंगारवाल्याच्या काट्यावर वजन झालं. चौथी पिढी दोनशे एकोणचाळीस किलो. पहिली पिढी दोनशे सदतीस.

"बघा," कप्तान म्हणाले. "म्हातारीच शिडशिडीत."

"बाबा, तुमच्या गाडीच्या पुढच्या सळ्या कुठायत?" सूनबाईंनी विचारलं. इंजिनाच्या दोन्ही अंगांना जाड लोखंडी सळ्यांचं कोंडाळं असतं. गाडी पडली की ती त्यावर टेकते, सपाट होत नाही.

"त्या कुबड्या होत्या. काल काढल्या. ज्याला पडायचंच नाही, त्याला कशाला?"

औषधवाल्यांनी हे वहीत लिहून घेतलं. त्यांचं अक्षर त्या दिवशी फार सुरेख येत होतं.

मग आम्ही सगळे बंद पडलेल्या दगडखाणीच्या मैदानावर गेलो. सूनबाईंनी आपली गाडी आडवी केली. ती सळ्यांवर टेकून अर्ध्यातच थांबली, इंजिन आपोआप बंद झालं. सूनबाई तिच्याकडे पाठ करून बसल्या, मूठ आणि मागचा कठडा धरला, नितंबांनी रेटा देत मागे मागे चालत गेल्या. चाळीस सेकंद. मग हेल्मेट काढून त्यांनी केस बांधले.

"पाठमोरी उचल," कप्तान आम्हाला म्हणाले. "आम्ही गाडीला कधी पाठ दाखवली नाही."

ते तोंड गाडीकडे करून उभे राहिले. आडवी करताना ती हातातून थोडी लवकर सुटली, आणि सळ्या नसल्यानं थेट जमिनीपर्यंत गेली. कप्तानांचा उजवा पाय मध्येच होता. तेही तिच्या पाठोपाठ खाली बसले. धुरळा उडाला आणि खाली बसला. ते मात्र तिथेच होते, पाय बुटासकट घोट्यापर्यंत पेटीखाली.

औषधवाल्यांनी घड्याळ चालू केलं. "कप्तान, वेळ सुरू."

कुणी हललं नाही. खरं सांगायचं तर एक-दोघे हलले, पण औषधवाल्यांनी नुसती वही वर केली.

"लागलंय का?" मी विचारलं.

"लागायला काय झालंय? मी खालून तपासतोय. या पिढीची खालची बांधणी कुणी पाहतच नाही."

तीन मिनिटं त्यांनी खालची बांधणी तपासली. या काळात त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या आणि गाडी जिथं होती तिथंच राहिली. मग जुन्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकू लागलं, त्यांच्या विजारीवर, मांडीपाशी. ते झोंबत असावं, कारण त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

औषधवाले लिहीत होते आणि लिहिलेलं वाचत होते. "आडवी पडल्यावर. चौथी पिढी: आपोआप बंद होते. पहिली पिढी: गळते."

"गळत नाही," कप्तान खालून म्हणाले. "मोकळी होते."

"मोकळी होते," औषधवाल्यांनी दुरुस्ती केली. "चालकावर."

कुणीतरी थर्मास उघडला. बिस्किटं फिरली. कप्तानांपाशी पुडा गेला तेव्हा पेच पडला, की बिस्किट देणं ही मदत होते का. चर्चा होऊन नाही असं ठरलं. पण त्यांचे दोन्ही हात टाकीला लावलेले होते, त्यामुळे पुडा पुढं गेला. तेवढ्यात एकानं सिगारेट काढली.

"ती पेटवू नका," कप्तान घाईनं म्हणाले.

"ही विनंती धरायची का, कप्तान? तुमच्याकडून?" औषधवाल्यांनी पेन सरसावलं.

"सूचना आहे ती. म्होरक्याची."

"बरं. सात मिनिटं झाली."

सूनबाई पुढं येऊन त्यांच्या डोक्यापाशी उकिडव्या बसल्या. "बाबा, म्हणा ना तो शब्द. एका झटक्यात काढते तुम्हाला."

"घरची माणसं नियमात येत नाहीत. तू नुसता हात लाव, कुणी काही म्हणणार नाही."

"मी क्लबात आले त्या दिवशी तुम्हीच बजावलंत. घरी सून, इथं सभासद. इथं नातं काढायचं नाही." त्यांचा आवाज दवाखान्यात वापरतात तसा मऊ होता. "त्या दिवशी मी चिखलात वीस मिनिटं होते, आठवतंय? तुम्ही बाजूला उभं राहून सफरचंद खात होता."

"त्यानं तू तयार झालीस."

"झाले की." त्या उठल्या आणि पँटवरची धूळ झटकली. ती थोडी कप्तानांच्या तोंडावर गेली.

दहा मिनिटं झाली. औषधवाल्यांनी नियमवहीतलं नाव खोडलं. एका रेघेनं भागलं असतं, त्यांनी चार ओढल्या, आणि पट्टी वापरली. नवा म्होरक्या हात वर करून ठरला. तेराच्या तेरा हात वर गेले. कप्तानांचे टाकीलाच होते.

"मग आता त्यांना काढू या?" मी म्हणालो.

"कसं काढणार?" औषधवाल्यांनी वही उघडून दाखवली. "शब्द उच्चारल्याशिवाय हात लावता येत नाही. वेळ संपल्यावर काय करायचं, ते लिहिणाऱ्यानं लिहिलेलंच नाही."

आम्ही लिहिणाऱ्याकडे पाहिलं. नव्या म्होरक्या आपल्या पडद्यावर परतीचा रस्ता लावत होत्या. तीन-चार गाड्या सुरूही झाल्या.

तेव्हा कप्तानांनी एक हात टाकीवरून सोडवला आणि वर केला. सवयीनं सगळी इंजिनं बंद झाली. इतकी शांतता पसरली, की पेट्रोलचे थेंब ऐकू येत होते.

"ऐका," ते म्हणाले. "म्होरकेपण वहीत नसतं. नाव खोडता येतं, केलेला रस्ता खोडता येत नाही. तुमच्यातल्या एकेकाला घाट मी दाखवला. तुमच्या गाड्यांना उद्या पाचवी पिढी येईल, सहावी येईल, आणि तुम्हीही कुठल्यातरी मैदानात असेच असाल. त्या दिवशी तुम्हाला कळेल, की मी इथं पडून राहिलो, पण तो शब्द काही माझ्या तोंडून निघाला नाही. आणि निघणारही नाही."

औषधवाल्यांचंसुद्धा पेन थांबलं. कप्तानांनी हात खाली घेतला, मान वळवून सूनबाईंना जवळ बोलावलं आणि आवाज उतरवून म्हणाले,

"सूनबाई, त्या उजव्या बुटाचं बक्कल जरा सैल कर."