डोंगरावर नेलेलं घर

माझ्या नवऱ्याचा, मर्लचा, उजवा हात हिवाळ्यात अर्धांगाच्या झटक्याने गेला. म्हणजे खांद्याला होता, पण कप उचलायचा म्हटला की बोटं रुसलेल्या पाहुण्यासारखी बसून राहायची. यापुढे गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. घरी आल्यावर तो अंगणातल्या चाकांवरच्या घराकडे, आमच्या ट्रेलरकडे, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "व्हर्लिनला देऊन टाकू."

व्हर्लिन म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. दर ख्रिसमसला येतो आणि ट्रेलरच्या चाकाला बुटाने टोकरून बघतो.

"का म्हणून?" मी म्हटलं. "मी ओढीन."

"तू?"

"नाही, मांजर ओढेल."

त्या हिवाळ्यात तो पहिल्यांदा हसला. अर्धंच तोंड हसलं, पण हसला. मग म्हणाला, "बरं. जूनमध्ये तळ्यापर्यंत नेऊन दाखव, आर्लिस. नेलास तर आपला. मधेच अडलीस तर तिथूनच व्हर्लिनला फोन."

तळं बिगहॉर्न डोंगराच्या माथ्यावर. आमचं गाव खाली, सपाटीवर, एका दिवसाच्या वाटेवर. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्याला आम्ही तिथे जातो. आधी तंबू घेऊन, मग हा ट्रेलर घेऊन. मर्लच्या बोलण्यात वर्षाचे दोनच भाग असत, तळ्यावरचा आणि उरलेला. तो हात गेल्यावर रडला नव्हता. पण ते तळं गेलं असतं तर माझा नवरा खुर्चीत बसून हळूहळू विझला असता, हे मला दिसत होतं.

आमची पिकअप अर्ध्या टनाची म्हणतात त्यातली, म्हणजे हलक्या हाडाची. किराणा, गवताच्या गासड्या, नातवंडं, एवढ्यासाठी बरी. तिच्यामागे आम्ही अख्खं घर बांधतो: पलंग, चूल, ताटल्या, गोधड्या, न्हाणीघर. ती तक्रार करत नाही, पण तिच्या मनाविरुद्ध काही केलं तर ऐकूनही घेत नाही.

ट्रेलर जोडताना म्हणायचं एक गाणं आहे. मर्लच्या वडिलांनी गुरांच्या ट्रेलरसाठी रचलेलं. तेही हे गाणं म्हणत गाडीभोवती फिरायचे, एकेका गोष्टीला हात लावत, आणि हात लावल्याशिवाय पुढची ओळ म्हणायची नाही असा घरचा दंडक.

वाटी बसली गोळ्यावरी,
खिळा सारला कडीवरी,
साखळ्यांची फुली करी,
तार जोड.

पाय वर घे गाडीचा,
ठोकळा काढ चाकाचा,
दिवा बघ गं मागचा,
मग नीघ.

निघायच्या दिवशी सकाळी मी ते मोठ्याने म्हणत फेरी मारली: ट्रेलरची वाटी पिकअपमागच्या गोळ्यावर, दिव्यांची नि ब्रेकची तार, ट्रेलरच्या टेकूचा पाय, असं एकेक बघत. मर्ल पायरीवर बसून ऐकत होता. सामान त्याने आदल्या दिवशीच भरलं होतं, एकट्याने. मला कॉफी आणायला पाठवलं, आणि कॉफी घरात भरपूर होती, हे मला दुकानात पोचल्यावर आठवलं.

"गाणं चुकलीस का कुठे?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग चल. आणि मी काही बोललो तर मनावर घेऊ नकोस. बाजूच्या सीटवर कसं बसायचं ते मला येत नाही."

ते खरंच होतं. पहिल्या वळणालाच त्याचा पाय रिकाम्या जागेत ब्रेक शोधायला लागला.

"तिथे काही नाहीये," मी म्हटलं.

"माहितीये."

"मग दाबतोस कशाला?"

"तू दाबत नाहीस म्हणून."

शहरं मागे पडली आणि मग नुसतं गवत. आमच्या मुलखात आभाळ जमिनीला टेकत नाही, ते तिच्याखालून पुन्हा वर येत असावं असं वाटतं. कुंपणांपलीकडे हरणं मान वर करून बघत होती. आरशात बघितलं की रस्ता दिसायचा नाही, आमचंच घर दिसायचं, खिडक्यांना पडदे लावलेलं, मुकाट मागे येणारं. आजवर मी ते कधी आरशात पाहिलं नव्हतं. चालत्या वाटेवर आपलं घर आपल्याच मागून येतंय, हे बघून माझ्या मानेवर शहारा आला.

पण ते नीट येत नव्हतं. वारा वाढला तसं ट्रेलरचं शेपूट हळूच डावीकडे जाई, मग उजवीकडे, जसं कुत्रं धन्याला बघून हलवतं. मी मर्लकडे पाहिलं. तो समोर बघत होता.

"हे असं करतं का नेहमी?"

"वारा आहे," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला.

मग एक मोठा ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. त्याच्या हवेने आधी आम्हाला ढकललं, मग ओढलं, आणि आरशातलं घर एकदम आरशाबाहेर गेलं. दुसऱ्या आरशात आलं. परत गेलं. माझ्या हातातलं स्टिअरिंग हलकं झालं, पाण्यावर ठेवल्यासारखं. पिकअपची मागची चाकं घर नेईल तिकडे निघाली होती.

"ब्रेकवर पाय नको," मर्ल म्हणाला. आवाज अगदी खालचा, वासराला चुचकारताना काढतो तसा. "हात सरळ. त्याच्याशी भांडू नकोस. अ‍ॅक्सिलरेटर सोड. आता कळ दाब, ट्रेलरची. फक्त त्याचाच ब्रेक. हळू. अजून."

स्टिअरिंगच्या शेजारच्या कळीवर माझं बोट होतं. मी ती चिमटीत धरली आणि दाबत गेले. मागून कुणी तरी शेपूट धरून ओढावं तसा ट्रेलर ताणला गेला. एकदा हलला, अर्धा हलला, आणि सरळ झाला. गवत पूर्वीसारखंच डोलत होतं. हरणांनी मानासुद्धा वळवल्या नव्हत्या. एवढं मोठं काही घडलं आणि त्या उघड्या माळाला त्याची खबरही नव्हती, याचंच मला जास्त भय वाटलं आणि कसा कोण जाणे, दिलासाही.

पुढे रुंद जागा होती तिथे थांबले. उतरले, आणि गाणं म्हणत फेरी मारली. वाटी गोळ्यावर. खिळा जागेवर. साखळ्यांची फुली. तार, पाय, दिवे. कशातही चूक नव्हती.

मग लांब जाऊन दोन्ही गाड्यांकडे आडवं बघितलं. दर वर्षी ट्रेलर जोडला की पिकअप मागून जराशी बसते, पोत्यावर हात टेकावा तशी. आज ती ताठ उभी होती. उलट ट्रेलरचंच बूड खाली आणि नाक वर.

मी ट्रेलरच्या पुढचा कप्पा उघडला. आत पाण्याची नळी आणि एक खराटा. मागचा कप्पा उघडला. त्यात जनरेटर, बिडाची सगळी भांडी, हत्यारांची पेटी, नाल फेकायच्या खेळाचे लोखंडी खुंट, सगळं खच्चून.

मर्ल खाली उतरून कुंपणाशी उभा होता, माझ्याकडे पाठ करून.

"पुढे काहीच नाही," मी म्हटलं.

"हो."

"जनरेटर मागे आहे, मर्ल. तूच मला शिकवलंस, जड सगळं पुढे, नाहीतर शेपूट हलतं म्हणून. व्हर्लिनला तर तू यावरून वर्षभर चिडवलंस."

"दोन वर्षं."

"मग?"

तो वळला. वाऱ्याने त्याची टोपी उडाली असती, ती त्याने डाव्या हाताने धरली. "मागच्या कप्प्याचं दार कपाटासारखं बाजूला उघडतं," तो म्हणाला. "पुढच्याचं झाकण वर उचलावं लागतं. ते धरून ठेवायला एक हात लागतो, आर्लिस." थोडं थांबला. "आणि सामान ठेवायला दुसरा."

मी पुढच्या झाकणाकडे पाहिलं.

"डोक्याने धरून पाहिलं," तो म्हणाला. "दोनदा आपटलं. मग म्हटलं, एवढ्याने काय होतंय."

"मला हाक मारायची होतीस."

"तुला कॉफी आणायला कुणी पाठवलं होतं?"

मला रागही आला आणि त्याच्या टोपीखालचं टेंगूळ बघावंसंही वाटलं. आधी टेंगूळ बघितलं. मग म्हटलं, "व्हर्लिनला फोन करू का?"

त्याने डोंगराच्या दिशेला पाहिलं. डोंगर तिथून दिसत नव्हता, नुसती निळसर रेघ होती, ढग म्हटलं तर ढग. "तू अडलीस असं म्हणायला तू अडली कुठेयस," तो म्हणाला. "मी अडवलं तुला."

"मग ये आणि झाकण धर."

तो आला. डाव्या हाताने झाकण वर धरून उभा राहिला, वारा ते हिसकत होता तरी त्याने हलू दिलं नाही. मी एकेक वस्तू मागून पुढे आणली. जनरेटर आणायला खराट्याचा दांडा, जुनी सतरंजी आणि न सांगण्यासारखे शब्द लागले.

"चर्चमध्ये हे शब्द कधी ऐकले नाहीत तुझ्या तोंडून," मर्ल म्हणाला.

"चर्चमध्ये जनरेटर ओढत नाही मी. तू आज दरवान आहेस ना? दार धर, बोलू नकोस."

शेवटचा खुंट ठेवला तेव्हा पिकअप मागून हळूच बसली. नेहमीसारखी. मर्लने झाकण खाली आणलं आणि त्यावर तळवा टेकून क्षणभर तसाच राहिला.

त्यानंतर घर आमच्यामागून असं आलं, जणू दुसरीकडे जायचा विचार त्याच्या मनात कधी आलाच नव्हता.

मग डोंगर आला. तो येत नाही, तो आधीपासून असतो, आणि आपल्याला एकदम कळतं की इतका वेळ आपण त्याच्याचकडे बघतोय. रस्ता चढू लागला. मी ओझं ओढायचं बटण दाबलं, गिअर खाली आला, इंजिनचा सूर उंचावला. वर हवा विरळ होते आणि इंजिनही माणसासारखं धापा टाकतं. उष्णतेचा काटा थोडा सरकला, थांबला, पुन्हा सरकला. मागच्या गाड्या रांगेने साचल्या. साचू देत. आमच्या पायाखालून सपाटी खाली जात राहिली, पाइनची झाडं आली, वास आला, कानात दडे बसले, आणि मी त्या सबंध घराला, त्याच्या ताटल्यांना, गोधड्यांना, आमच्या दोघांना, इंच इंच आभाळाकडे नेत होते. हे पाय अ‍ॅक्सिलरेटरवर टेकवून होतं, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"आर्लिस," मर्ल म्हणाला. आवाज चमत्कारिक होता. मला वाटलं, काटा लाल रेघेवर गेला.

"काय?"

"ते काय आहे?"

मी रस्त्यावरून नजर काढू शकत नव्हते. "कुठे?"

"उजवीकडे. खडक फुटलाय आणि पाणी पडतंय. वरून थेट खालपर्यंत. खाली दरी आहे, आणि दरीत... थांब. झाडांच्या वरून घारी उडताहेत. आपण घारींच्या वर आहोत."

"तो धबधबा," मी म्हटलं. "दर वर्षी असतो."

"दर वर्षी?"

"दर वर्षी मी म्हणते, मर्ल, बघ. आणि तू म्हणतोस, हं."

मग तो म्हणाला, "मी रस्ता बघायचो."

"माहितीये."

"इतकी वर्षं." त्याने कपाळ काचेला लावलं. लहान मुलासारखं नाही. रात्रभर जागलेला माणूस पहाटे दाराच्या चौकटीला डोकं टेकवतो तसं. "पिवळी फुलं आहेत, आख्खा उतार पिवळा आहे. आता बर्फ. फुलांच्या मधोमध बर्फ. तू हे सगळं बघत बसायचीस?"

"तुझ्यासाठी पण बघायचे."

"आता मी बघतो," तो म्हणाला. "तू रस्ता बघ."

आणि घाटमाथ्यापर्यंत तो मला सांगत राहिला. ज्याने जन्मात एका दमात दोन वाक्यं बोलली नव्हती, तो खडकांचे रंग सांगत होता, ढगांच्या सावल्या कुठून कुठे चालल्या ते सांगत होता. मी दर वर्षी पाहिलेला डोंगर त्या दिवशी फक्त ऐकला. आणि ऐकताना तो जास्त मोठा होता.

माथ्यावर थांबलो. झाडं तिथवर येत नाहीत. नुसते धोंडे, शेवाळ आणि आभाळ. वारा पडला होता. पिकअपचं इंजिन टिकटिक करत निवत होतं. मर्लने तिच्या गरम बॉनेटवर हात ठेवला. उजवा. बोटं उघडली नाहीत, पण ऊब कळली असावी, कारण तो हसला.

पलीकडचा उतार मी खालच्या गिअरवर उतरवला, ब्रेक जपून जपून. तळं झाडांतून आधी चमकलं, मग दिसलं. काठावर बर्फाची पातळ किनार अजून होती.

तिथे खरी परीक्षा. ट्रेलर मागे घेत घेत जागेत बसवायचा, आणि हे चाललं की सगळी छावणी खुर्च्या घेऊन बघायला बसते. नवरा-बायकोची भांडणं तिथे फुकट बघायला मिळतात. लोवेल नावाचा तळ्यावरचा आमचा जुना शेजारी पहिल्या रांगेत.

"अरे, आज बाईसाहेब चक्रधर?" तो ओरडला. "मर्ल, तुला हाकललं वाटतं?"

"बढती मिळाली," मर्ल म्हणाला. "मी आता देखावा बघतो."

तो मागे जाऊन उभा राहिला आणि डाव्या हाताने खुणा करू लागला. ये. ये. तळ्याकडे. थोडं झाडाकडे. बस. दोनदा पुढे घ्यावं लागलं, एकदा झाडाची फांदी खरवडली, आणि शेवटी घर आपल्या जागी टेकलं. लोवेलने निराश होऊन खुर्ची मिटली. भांडण झालंच नव्हतं.

"व्हर्लिनला काय कळवायचं?" मी विचारलं.

"इथे रेंज नाही," मर्ल म्हणाला. "ऑगस्टमध्ये कळवू."

मग पुढच्या कप्प्याकडे गेलो. त्याने झाकण वर धरलं, मी बिडाचा तवा काढला. आत हात घातलेला असताना मला त्याच्या वडिलांचं गाणं आठवलं, आणि त्यात न आलेली गोष्टही. चूल पेटवेपर्यंत ती ओळीत बसली. म्हणून दाखवली तेव्हा मर्लने ऐकून घेतली, तळ्याकडे बघत, आणि म्हणाला, "पुन्हा म्हण."

जड भरावं पुढच्या भागे,
हलकं तेवढं ठेवावं मागे,
झाकण धराया दुजं लागे,
मग नीघ.