सतराव्या कोठीचा द्रोण

बियाण्याच्या कोठीला कुलूप असावं की नसावं, यावर माझं काही मत नव्हतं. बहुतेक गोष्टींवर माझं मत नसतं. असलंच तर ते घरी पोचल्यावर सुचतं. जव्हारच्या एका वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम करून मी निवृत्त झालो. वर्गात कधी शिकवलं नाही, तरी चष्म्यामुळे सगळे मला गुरुजी म्हणतात. बहुधा तेवढ्याच पात्रतेवर खोडाळ्याच्या बियाणे बँकेचे नियम मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं.

बँक एका शहरी संस्थेने काढली होती. आसपासच्या पाड्यांतल्या त्रेचाळीस घरांचं नागली, वरई आणि भाताचं बी एका शेडमधल्या त्रेचाळीस पोलादी कोठ्यांत ठेवलं होतं. कोठीला किल्ली नव्हती. कुलूप उघडायचा तो ब्लॉकचेनवरचा करार. म्हणजे काय, हे मी तीनदा समजून घेतलं आणि दोनदा विसरलो. नियम संगणकात एकदा लिहून ठेवायचे. कोणी बी मागितलं की करार स्वतःच तपासतो, स्वतःच कुलूप उघडतो, आणि झालेली नोंद कोणालाही खोडता येत नाही. मधे माणूस नाही. संस्थेचे संचालक, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, ते ‘मधे माणूस नाही’ या शब्दांवर असे समाधानाने थांबत, की माणसांनी त्यांना आयुष्यात फार त्रास दिला असावा.

करार लिहिणारा मात्र माणूसच होता. पंकज, जामसरचा. ठाण्यात सहा वर्षं कंपनीत काढून परत आलेला, हुशार आणि नाही म्हणता न येणारा. हा दुसरा गुण आम्हा दोघांत समान असल्यामुळे आमचं जमलं.

त्याने पहिला नियम सरळ लिहिला होता : ज्याची कोठी, त्याचा अंगठा. कुलपाशेजारच्या काचेवर मालकाने अंगठा ठेवायचा की कोठी उघडेल. उद्घाटनाच्या तीन दिवस आधी चाचणी घेतली. त्रेचाळीसपैकी एकही कोठी उघडली नाही, कारण एकही मालकीण स्वतःच्या कोठीकडे आली नाही.

सतराव्या कोठीची मालकीण बायडी. साठीची, काटक. तिच्याकडे उशिरा तयार होणारी जुनी नागली होती. ते बी आता तिच्याशिवाय कोणाच्या घरात उरलं नव्हतं. ती शेडच्या दारात येऊन बसली आणि तिने शेजारच्या सुनिताला आत पाठवलं. सुनिताने अंगठा ठेवला. लाल दिवा.

“मावशी, तुम्ही या ना आत,” पंकज म्हणाला.

“मी कशाला? सुनिता आलीय ना.”

“पण कोठी तुमची आहे.”

“म्हणून तर ती आलीय.”

बायडी घरात जी बोली बोलते ती मला लिहिता येत नाही. मी तिचं बोलणं माझ्या मराठीत उतरवतोय; त्यात तिचा निम्मा तिखटपणा सांडतो, त्याला इलाज नाही.

सरांचा फोन आला. पंकजने अडचण सांगितली. सर म्हणाले, “जे अडवतंय ते काढून टाक. गुरुवारी पाहुणे येतायत.” पंकजने मालकाची तपासणी काढली. आता संस्थेच्या टॅबलेटवरून मागणी आली की करार एवढंच बघणार होता, की मागणी संस्थेच्या टॅबलेटवरून आलीय ना? आली असेल तर उघड. टॅबलेटमागे कोण उभं आहे, हे तो विचारणार नव्हता.

माझ्याकडे वाक्य आलं : ‘अधिकृत विनंती आल्यास कोठी उघडेल.’ अधिकृत म्हणजे कोणाची, असा प्रश्न मला पडला. मी समासात पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह काढलं. मग वाटलं, आपल्याला यातलं काय कळतं? ते खोडलं आणि वाक्यातला ऱ्हस्वदीर्घ तेवढा तपासला.

गुरुवारी बारा पाहुणे आले. मंडप, नागलीच्या भाकरी, हार. भाकरी थापायला बायडीच होती. सरांनी टॅबलेट उंच धरला, “आता मधे माणूस नाही,” म्हणाले आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. बोट सतरावर पडलं. कोठी उघडली, टाळ्या झाल्या. सरांना भरून आलं. त्यांनी आतली नागली पाहुण्यांच्या जरीच्या पोटल्यांत भरायला सांगितली. स्मृतिचिन्ह म्हणून.

बायडी पिठाचे हात घेऊन धावत आली तेव्हा निम्मी कोठी रिकामी होती. एक पाहुणे पोटली नाकाशी धरून विचारत होते, “ही शुगरला चांगली ना?”

“कोणी काढायला सांगितलं?” बायडीने विचारलं.

“कोणी नाही, मावशी,” सर प्रेमाने म्हणाले. “सिस्टीमने दिलं. हे बघा, नोंदसुद्धा झाली. कोठी सतरा, विनंती अधिकृत.”

“मी दिलं नाही.”

“तुम्हाला द्यावं लागतच नाही. तीच तर गंमत आहे.”

गाड्या गेल्या. पोटल्या गाड्यांतून गेल्या. पंकज घाबरला आणि संध्याकाळी त्याने सगळी कुलपं एकदम बंद करून टाकली, म्हणजे आणखी कोणाचं बी जाऊ नये. झालं उलटंच, आता कोणालाच काही मिळेना. राब, म्हणजे रोपांसाठीचे वाफे, भाजून तयार होते. धुळीत पेरायचे दिवस हातातून चालले होते. बायडीची उरलेली निम्मी नागली वेळेत मातीत गेली नाही तर पुढच्या वर्षी ते बी कुठेच नसणार, हे सगळ्यांना कळत होतं.

“पहार आणा,” सुनिता म्हणाली. पहार आणली. पोलादाला पोचा आला, पहारीला बाक आला. मोखाड्याहून गॅस कटरवाल्याला बोलावलं. तो कोठीभोवती फिरून म्हणाला, “कापतो की. पण आतला माल गरम होणार.”

“किती गरम?”

“लाह्या फुटतील एवढा.”

बायडीने त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग पंकजकडे वळून ती म्हणाली, “तू बांधलंस ना हे? शनिवारपर्यंत सोड.”

पंकजला कुलपं सोडता येत होती, पण सगळी एकदमच, आणि सोडली की टॅबलेट हातात असलेला कोणीही कोणतीही कोठी उघडणार होता. पुन्हा मालकाचा अंगठा मागायचा, तर मालकीण येणार नव्हती. शुक्रवारी व्हिडिओवर बैठक झाली. शहरातल्या एका तज्ज्ञाने चेहरे ओळखणारा कॅमेरा सुचवला. दुसऱ्याने पाच सह्यांची समिती सुचवली. त्या पाचांतले तीन सदस्य त्या घडीला भिवंडीजवळ वीटभट्टीवर होते. मी बैठकीत होतो, म्हणजे माझा आवाज बंद असलेला चौकोन होता.

खरं तर आदल्या दिवशी शेडच्या पायरीवर मी बायडीला एक गोष्ट विचारली होती, आणि ती तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळत होती. मी विचारलं होतं, “आपलं बी आपण का काढायचं नाही?”

“आपल्या हाताला आपली भूक माहीत असते,” ती म्हणाली. “श्रावणात घरात काही नसलं की हात कणगीत जातो. शेजारणीचा हात सांगितलं तेवढंच काढतो.”

“आणि शेजारणीने जास्त काढलं तर?”

तिने माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. मग पळसाचं पान घेऊन द्रोण वळला आणि त्याला तीन काड्या टोचल्या, दोन आडव्या आणि एक तिरपी. “ही माझी टोच. सुनिताची वेगळी असते. शेजारणीला द्रोण द्यायचा. त्यात मावेल तेवढं तिने काढायचं आणि रिकामा द्रोण कणगीत टाकून यायचं. पुन्हा हवं असेल तर माझ्याकडून नवा द्रोण न्यायचा. कणगीत द्रोण किती पडलेत, बघितलं की झालं.”

कोणी दिलं, कोणाच्या हाती दिलं, किती दिलं, आणि एकदाच दिलं. मला वाचनालयातला माझा शिपाई आठवला. तो चिठ्ठी आणायचा आणि मी पुस्तक द्यायचो. चिठ्ठी कोणी लिहिली हे एकतीस वर्षांत कधी पाहिलं नाही. कितीतरी पुस्तकं अशी गेली. दोष मी नेहमी शिपायाला दिला.

बैठकीत हे बोलायला मी तीनदा तोंड उघडलं, तिन्ही वेळा आवाज बंद होता. शेवटी कागदावर लिहून शेजारी बसलेल्या पंकजला दिलं. तो वाचता वाचता उभा राहिला. “सर, आपण दारात कोण आलंय ते विचारतोय. कोणाचा द्रोण घेऊन आलंय ते विचारायला हवं.”

मग सर म्हणाले, “हेच मी सुरुवातीपासून सांगतोय.” संध्याकाळपर्यंत त्याचं नाव द्रोण प्रणाली झालं होतं आणि सरांचं त्यावर एक पान लिहून झालं होतं. मला ते शुद्धलेखनासाठी आलं.

पंकज शनिवारी दुपारपर्यंत खुर्चीवरून उठला नाही. नवा नियम असा होता : मालकिणीने आपल्या घरी, आपल्या फोनवर अंगठा ठेवून सांगायचं की अमुक बाईला, अमुक इतकं, एकदा. ती बाई आली की करार तो द्रोण तपासेल, कोठी उघडेल आणि द्रोण वापरला म्हणून मोडून टाकेल. टॅबलेट आता नुसता टॅबलेट राहिला होता.

सर छायाचित्रकार घेऊन आले. बाजारातली माणसंही जमली. सरांनी सवयीने टॅबलेट उंच धरला आणि सतरावर बोट ठेवलं. लाल दिवा. पुन्हा ठेवलं. लाल.

“पंकज, काय आहे हे?”

“तुमच्याकडे द्रोण नाही, सर.”

सरांनी त्याला बाजूला घेतलं. मी खांबाआड होतो, मला ऐकू येत होतं. “माझ्यापुरती एक सूट टाक. फक्त आजच्या दिवस. संचालकाला स्वतःच्या बँकेत दार उघडत नाही, बरं दिसतं का?”

पंकजचा चेहरा मला दिसला. तो हो म्हणणार होता. माझ्या तोंडून निघालं, “नको.”

सर वळले. “काय म्हणालात, गुरुजी?”

“पाणी,” मी म्हणालो. “पाणी नको म्हटलं.” मला कोणी पाणी विचारलं नव्हतं.

पण पंकजने तेवढ्यात श्वास घेतला असावा. तो म्हणाला, “सर, आता ते माझ्या हातात नाही. सतराचा नियम बदलायचा तर बायडीमावशीने हो म्हणायला हवं.”

सर बायडीला शोधत राहिले. ती बसली होती घरी, फोन मांडीवर घेऊन. सुनिता मात्र गर्दीतून पुढे आली, टोपली कडेवर. काचेवर अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला, झाकण उघडलं. तिने सांगितलेलं माप काढलं, पदराने टोपली झाकली आणि चालू लागली.

“ताई, थांबा!” छायाचित्रकार ओरडला. “ऊन डोळ्यांवर आलं. परत एकदा उघडा ना.”

“परत नाही उघडत.”

“अहो, फोटोपुरतं.”

सुनिताने त्याच्या समाधानासाठी अंगठा ठेवला. लाल. सरांनी ठेवला. लाल. छायाचित्रकाराने स्वतःचाही ठेवून पाहिला. बाजारातल्या पोरांनी मग रांगच लावली. प्रत्येक लाल दिव्याला आरोळी उठली; सुनिता तोवर टोपली घेऊन शेताकडे निघून गेली होती. सर पंकजवर डाफरले, पंकज म्हणाला, “मावशीने आणखी एक द्रोण द्यायला हवा,” आणि आम्ही सगळे बायडीच्या शेताकडे निघालो. सर पुढे, तापलेल्या वाटेवर त्यांचे बूट करकरत होते.

बायडी राबात होती. सुनिताची टोपली तिच्या पायाशी होती. भाजलेली काळी माती मोकळी केलेली, त्यातल्या निम्म्याच भागावर तिचा हात फिरत होता. उरलेल्या निम्म्याला बी नव्हतं. ते कुठल्या कुठल्या बैठकखोल्यांत जरीच्या पोटलीत होतं.

“मावशी, एक द्रोण द्या,” सर हात जोडून म्हणाले. “एकच. फोटोसाठी. बी लगेच परत ठेवू.”

बायडीने मान वर केली नाही. मूठ सैल सोडत ती एक पाऊल सरकली, मग आणखी एक, आणि तिची नजर सरांच्या बुटांपर्यंत आली.

“पाय काढा,” ती म्हणाली. “तिथं पेरलंय.”