दगड्याचं दालन

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी संगमेश सोळाव्यांदा मेला. लातूरच्या ट्यूशन एरियात, शेषेरावांच्या व्हिडिओ गेमच्या गाळ्यात, डावीकडून दुसऱ्या मशीनवर.

मारणारा शेवटच्या टप्प्यातला दगडी राक्षस. पोरं त्याला दगड्या म्हणत. बंद दालनात उभा राहून तो जमिनीवर मुठी आपटी. सगळा पडदा थरथरे आणि छत कोसळे. २००३ च्या त्या पावसाळ्यात बारावीच्या एकाही पोराने त्याला हरवलं नव्हतं.

“फिजिक्सपेक्षा तुला याचीच रिव्हिजन जास्त लागायली,” शेषेराव खुर्चीतून म्हणाले.

संगमेशने पिशवीतून वही काढली. क्लासमध्ये प्रत्येकाला चुकांची वही ठेवावी लागे: चुकलेला प्रश्न, दिलेलं उत्तर, चुकण्याचं कारण. सर म्हणत, एकच कारण तीनदा आलं तर चूक प्रश्नात नाही, तुमच्यात आहे. वहीच्या मागच्या पानावर त्याने दगड्यासाठी रकाने आखले होते. कारणाच्या रकान्यात पंधरा ओळी सारख्याच: हादरा बसला, दाराकडे पळालो. त्याने सोळावी लिहिली.

खोलीतला जोडीदार अंबरीश, नांदेडच्या मास्तरांचा मुलगा, खांद्यावरून वाचत होता.

“दाराकडं कशाला पळून राहिलास पण? दार तर बंद असतंय.”

“पडदा हलला की बोटं आपोआप जातेत.”

संगमेश निलंग्याकडचा, भूकंपाच्या गावचा, त्याची बहीण त्यात गेली, एवढं अंबरीशला ठाऊक होतं. त्यापुढचं फारसं संगमेशलाही ठाऊक नव्हतं. गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे जमीन हलली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पाच वर्षांची वर्षाराणी त्याच्याच अंथरुणात, मधल्या खांबाशी झोपलेली. तो उठला आणि दारातून पळाला. वळून पाहिलं तेव्हा मागे घर नव्हतं. ती कुठे सापडली, हे दहा वर्षांत त्याने कुणाला विचारलं नव्हतं. ती झोपेतच गेली, असं त्याने मनाशी धरलं होतं. त्यावर त्याचे दिवस निघत होते.

“दोघं खेळू,” अंबरीश म्हणाला. “मी मधी थांबतो, छत नेमकं कुठं पडतं बघतो.”

पडदा हलला. संगमेशचा लाल गडी दाराकडे धावला, अंबरीशचा निळा गडी त्याच्या मागे. छत दारावरच आलं. दोघेही मेले. दालनाच्या मध्यावर एक खांब होता. तिथे खडासुद्धा पडला नव्हता.

“सापडलं! खांबापासून हलायचंच नाही,” अंबरीशने मशीनवर थाप मारली.

“मग तू का आलास दाराशी? तू थांबणार होतास.”

“तू पळालास ना.” अंबरीश हसला. “म्होरचा पळाला की मागचा पळतोयच, गड्या.”

संगमेशने वही मिटली. पुढचा डाव तो एकटा खेळला. पहिला हादरा बसला तेव्हा त्याने उजव्या हाताने डावं मनगट दाबून धरलं. लाल गडी खांबाशी उभा राहिला. दाराशी दगड कोसळले. दुसरा हादरा. तिसरा. दगड्याची ताकद पाव उरली.

“हाण, संग्या, हाण!” मागे जमलेली पोरं ओरडत होती.

त्याची नजर दगड्यावर नव्हती. खांबाच्या बुडाशी मोकळी जागा होती. दोघं आरामात मावली असती.

“अंबऱ्या, तू धर,” म्हणून त्याने हात काढला आणि तो रस्ता ओलांडून समोरच्या एसटीडी बूथमध्ये गेला.

पुनर्वसन झालेल्या गावात फोन किराणा दुकानातच होता. पाच मिनिटांनी पुन्हा लाव, असं दुकानदार म्हणाला. पाच मिनिटांनी शिवम्मा, त्याची आई, फोनवर आली. तिला धाप लागली होती.

“काय झालं रं? बरा हाईस न्हवं?”

“बरा हाय. माय, वर्षा कुठं सापडली व्हती? खांबापाशी का दारापाशी?”

तिकडून दुकानाशेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज येत राहिला.

“आजच का इचारायलास? कुनी काय म्हनलं का तुला?”

“कुनी न्हाई. तू सांग.”

समोरच्या गाळ्यातून अंबरीश दोन्ही हात वर करून ओरडत बाहेर आला. दगड्या पडला होता.

बूथमधल्या मीटरवर लाल आकडे पुढे सरकत होते. चार मिनिटं बावीस सेकंद. शिवम्माने फोन ठेवला नव्हता, आणि ती बोललीही नव्हती.