अक्काचा नमुना

माझं डोकं तसं तापटच. त्यात आमच्या संशोधनाचे प्रमुख सिद्धलिंग सर फोनवर शांतपणे म्हणाले, "तो नमुना काढून टाक," तेव्हा मी भडकलेच. म्हटलं, का म्हणून?

तो नमुना माझ्या थोरल्या बहिणीचा, शिवलीला अक्काचा होता. किडनीच्या दुखण्यात तपासायला सुईनं बारीकसा तुकडा काढला होता, त्यातला थोडा तिनं सही करून आमच्या कामाला दिला. नमुन्यावर नाव नसतं, नुसता आकडा. पण बर्फाचा डबा मीच नेला होता, आकडा मला पाठ होता. खाटेवर पडल्या पडल्या अक्कानं दम भरला होता, "ए हुडगी, ए पोरी, माझा तुकडा फुकट घालवशील तर बघ." मी शब्द दिला. दिवाळीनंतर ती गेली.

आमचं काम कुणाला समजवायचं म्हटलं की मला अक्काच आठवते. भवानी पेठेत आमचं चादरींचं दुकान. गल्लीत मागांचा खडखडाट आणि त्याच्याही वर तिचा आवाज. आमच्या आईशी, अव्वाशी कन्नडात, गिऱ्हाइकाशी मराठीत, विणकरांच्या बायकांशी तेलुगूत. बाई एकच, पण जागा बदलली की गोतावळा बदलायचा. जनुकांचंही तसंच. अंगात सगळीकडे तीच जनुकं, पण किडनीत कुणाचं कुणाशी जमतं आणि रक्तात कुणाशी, ते वेगळं. निरनिराळ्या प्रयोगांची माहिती एकत्र करून आम्ही किडनीपुरता त्या गोतावळ्याचा नकाशा मांडत होतो. अजूनही माग सुरू झाले की वाटतं, आता ही कुणावर तरी ओरडणार. लई आठवण येते तिची.

पण आमचा नकाशा काही केल्या जुळेना. किडनीत काम करणारी जनुकं रक्तात काम करणाऱ्या जनुकांच्या गळ्यात गळा घालून बसलेली. किडनीचे नमुने मुळातच मोजके, त्यात अक्काच्या तुकड्यात किडनी कमी आणि रक्तच जास्त आलेलं. तो एकटा सगळ्यांना रक्ताकडं ओढत होता. तरी मी फोनवर भांडत राहिले, तो अक्काचा आहे हेही रागात सांगून टाकलं.

"दुसऱ्या कुणाचा असता तर एवढी भांडली असतीस का?" सरांनी विचारलं. मी फोन ठेवला आणि नमुना काढला. दुपारपर्यंत नकाशा छान लागला, किडनीची जनुकं आपापल्या माणसांत आली. सर खूश झाले. मी जेवणाचा डबा न उघडताच घरी परत आणला.

संध्याकाळी अव्वा शेंगा फोडत बसली होती. तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. अक्का आता त्यात कुठंच नाही, हेही सांगितलं.

"बरोबर केलंस की," अव्वा म्हणाली. "ती असती तर तिनंच म्हटलं असतं, काढ."

मला हायसं वाटलं. अव्वानं आणखी थोड्या शेंगा फोडल्या, मग हात थांबवला.

"पण तू काढायचं नव्हतंस गं. दुसऱ्या कुणाला तरी सांगायचंस."