दोन दहाची वणी

जमैकात आमचं जहाज कसं चुकलं, ते आमच्या सोसायटीच्या बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना आता पाठ झालंय. सांगणारे आमचे हे, सावळीराम. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, एकतीस वर्षं नाशिकच्या स्टँडवर गाड्या सोडल्या. त्यांच्या गोष्टीत त्या गावातलं घड्याळ बंडल असतं, जहाजाचा कप्तान दगडाच्या काळजाचा असतो, आणि शेवटी ते माझ्याकडे वळून विचारतात, "काय गं प्रतिभा, घड्याळच चुकीचं होतं ना?" मी हो म्हणते आणि चहाचे कप गोळा करते. ते घड्याळ अगदी बरोबर होतं.

सुरुवात एक्याण्णव सालची आहे. वणीला माझी आई, चांगुणा, शेवटच्या घटका मोजत होती. शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. मी शिकवत होते त्या शाळेतून तशीच निघाले, आमच्या तीन वर्षांच्या लेकीला, पिंकीला, कडेवर घेतलं आणि धावत स्टँड गाठला. दोन दहाची वणी फलाटावरून मागे निघाली होती. मी ओरडले. हे खिडकीत माइकपाशी बसलेले. त्यांनी मला पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला हात केला, जाऊ दे. मलाही हात केला, पुढची आहे. पुढची साडेतीनला होती. मी पोचले तेव्हा आई जाऊन अर्धा तास झाला होता. वहिनी म्हणाली, सारखी दाराकडे बघत होती.

दहाव्याला हे आले तेव्हा म्हणाले, "सकाळीच निघायला पाहिजे होतं तू." एवढंच. मी भांडले नाही. वाटलं, कधीतरी स्वतःहून म्हणतील, चुकलं माझं. दोनच शब्द हवे होते मला. त्या शब्दांची वाट बघण्यात केस पांढरे झाले. बाहेरून पाहणाऱ्याला आमचा संसार दृष्ट लागण्यासारखा होता.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून पिंकीने आम्हाला त्या टूरला पाठवलं. तीस मराठी माणसं, सोबत अश्विन नावाचा चुणचुणीत टूर मॅनेजर, आणि अमेरिकेतून सुटणारं ते अवाढव्य जहाज. जहाजावर वरणभात मिळत होता, तरी यांचं तोंड वाकडं. एका पोराच्या छत्रीमागे मेंढरासारखं फिरायचं त्यांच्या पचनी पडेना. जमैकाचं बंदर आलं तेव्हा त्यांनी अश्विनला सांगून टाकलं, "आम्ही दोघं आमचे आमचे फिरू. मी हजारो लोकांना रस्ता दाखवलाय."

अश्विनने सगळ्यांना उभं करून बजावलं, "काका, काकू, साडेचारला परत जहाजावर, पाचला जहाज सुटतं. आणि ही वेळ जहाजाची आहे हं. इथल्या गावाचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे आहे, त्यामुळे मनगटातल्या घड्याळाला हात लावू नका." मी ऐकलं. यांनी साडेचार तेवढं ऐकलं आणि पुढचं सोडून मालेगावच्या एका जोडप्याला, सणासुदीला जादा गाड्या कशा सोडायच्या, ते समजावायला लागले.

बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सीवाल्यांनी गराडा घातला. धबधबा, डॉल्फिन, कसलंसं घर, सगळं दाखवतो म्हणे. रामकुंडावर नवख्या माणसाला पूजा सांगणारे घेरतात, तसंच. यांनी आपला तिथला हातखंडा वापरला. हात झटकून म्हणाले, "लोकल, लोकल." एक टॅक्सीवाला पोट धरून हसला. मलाही हसू आलं. त्या दिवशी मी यांच्यासोबत मनापासून हसले, हे नाकबूल करणार नाही.

वीसेक मिनिटं चालल्यावर गावाचा चौक लागला आणि मधोमध घड्याळाचा मनोरा. हे थांबले. त्यांची जुनी सवय, नोकरीतली. कुठल्याही डेपोत उतरले की आधी तिथल्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवायचं, मगच पाणी प्यायचं. सिन्नरला साडूच्या घरी गेले तरी वाटेत स्टँडवर जाऊन येतात. त्यांनी मनोऱ्याकडे पाहिलं, आपल्या एचएमटीची किल्ली ओढली आणि काटा तासभर मागे घेतला. "जहाजावरच्यांना साधं घड्याळ लावता येत नाही," म्हणाले.

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ, सांगणारच होते.

पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या मनगटावरही घड्याळ होतं, जहाजाच्या वेळेचं. चाळीस वर्षांत यांनी मला कधी वेळ विचारली नाही. मी तोंड मिटलं आणि पदर मनगटावर ओढून घेतला.

मग आम्ही खूप फिरलो. बाजारात फणस होते, आपल्यासारखेच. एका जाड्या बाईने मला आंबा कापून दिला आणि पहिली फोड कशी लागते ते बघत उभी राहिली. गणवेशातली पोरं शाळेतून सुटली होती, एकीच्या वेणीची रिबन सुटलेली, ती मी बांधून दिली. चर्चच्या पायरीवर हे दमून बसले, मी आंब्याची पिशवी मांडीवर घेतली. मनोऱ्यात तीन वाजले होते, माझ्या घड्याळात चार. अजूनही सांगितलं असतं तर वेळेत पोचलो असतो. हे म्हणाले, "दीड तास आहे. शिस्त असली की बघ कसं निवांत फिरता येतं."

मी म्हटलं, "हो."

मला त्यांना एकदा फलाटावर उभं केलेलं बघायचं होतं. धापा टाकत, हात वर करून, डोळ्यांदेखत गाडी निघून जाताना. मग त्यांना आठवलं असतं. मग ते दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले असते. त्यासाठी जहाज काय, पासपोर्ट काय, गेलं तर जाऊ दे, असं मला वाटलं.

शिस्तीचा माणूस, अर्धा तास आधीच बंदरावर आला. जहाजाची शिडी काढलेली होती. दोर सुटत होते. हे धावले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, चप्पल हातात घेऊन धावला. फाटकावरच्या गणवेशातल्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये हातभर पाणी दिसलं, मग खोलीभर, मग सगळंच पाणी. वरच्या कठड्यावरून लोक आमची पळापळ बघून टाळ्या वाजवत होते.

हे माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "दोन मिनिटं थांबला असता तर काय बिघडलं असतं त्याचं? समोर माणसं दिसतात ना?"

मी म्हटलं, "दोन दहाची वणी आठवते का तुम्हाला?"

"कुठली?"

"आई गेली त्या दिवशीची. मी पिंकीला घेऊन धावत आले होते. तुम्ही खिडकीत होतात."

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. नाटक नव्हतं ते, मला या माणसाचं नाटक कळतं. कपाळाला आठ्या घातल्या, बोटांवर काहीतरी मोजलं. मग चेहरा उजळला.

"दोन दहाची. पुंजाराम असायचा तिच्यावर, दिंडोरीचा. चांगला ड्रायव्हर." ते पुन्हा लांब गेलेल्या जहाजाकडे बघायला लागले. "माझ्या ड्युटीत ती गाडी कधी लेट सुटली नाही."

पदराआडचं घड्याळ त्यांच्यासमोर धरायचं मी ठरवलं होतं. सांगायचं होतं, मला माहीत होतं, मुद्दाम गप्प बसले. पण ज्याला काही आठवतच नाही, त्याला काय दाखवायचं? मी धक्क्यावर तशीच बसले आणि आईसाठी रडले. यांना वाटलं, जहाजासाठी रडतेय. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रडू नको. पुढची असेल."