जिन्यात वाजलेले फोन

स्फाक्स शहरातल्या आमच्या इमारतीत ते ॲप आलं ते वसीलामुळे. ती शाळेत विज्ञान शिकवायची. साथ वाढली तशी ती दारोदार फिरली. बाधित माणसाजवळ थांबला असाल तर फोन कळवेल, नाव मात्र कुणाचंच सांगणार नाही, असं तिनं सगळ्यांना पटवलं. चौथ्या मजल्यावरचे लझहरकाका तेवढे ऐकेनात. जुन्या राजवटीत त्यांच्या दाराशी पोलिसांचा माणूस बसलेला असे. आता तोच खिशात घालून कशाला फिरू, असं ते म्हणत.

रमजानच्या तोंडावर, एका दुपारी, घराघरातले फोन वाजले. तुम्ही बाधित व्यक्तीच्या संपर्कात आला आहात.

जो तो जिन्यात आला. तोंडाला मास्क, नजर दुसऱ्याच्या दारावर. परवा कोण खोकत होतं, गाबेसहून कोण आलं, यावर जुंपली. वसीलालाच धरलं, तूच नाव काढून दे म्हणून. तिला कुठलं ठाऊक असणार? ती वर-खाली करत तपासणी करून घ्या म्हणून विनवण्या करत राहिली, आणि तिच्यादेखत लोक ॲप काढून टाकू लागले.

तेवढ्यात तळमजल्याचं दार किलकिलं झालं. आत हद्दा होती. मागच्या अंगणात मातीच्या भट्टीत ती तबूना रोटी भाजून विकायची. इमारतीतलं एकही घर तिच्या रोटीशिवाय जेवत नसे.

"एकमेकांवर आळ घेऊ नका. ती मीच. तपासणीत बाधित निघाले, ॲपला कळवायचा आकडा आला, तो मीच फोनमध्ये टाकला. म्हणून तुमचे फोन वाजले."

"टाकला नसतास तर कुणाला कळलं असतं?" वरून कुणीतरी विचारलं.

"कुणालाच नाही. पण तुमची पोरं रोज रोटीला माझ्या दारात उभी असतात. डोळ्याला डोळा लागेना."

जिना रिकामा झाला. वसीला तेवढी दाराबाहेर घुटमळली. औषधं आहेत का, एवढंच तिला सुचलं.

"आहेत. तू लांब राहा, बाई."

हद्दा बरी झाली. लागण झालेले आणखी दोघेही निभावले. तिनं भट्टी पेटवली, पण ईद उलटली तरी वसीलाखेरीज कुणी फिरकेना. मग एका सकाळी लझहरकाका खाली उतरले आणि त्यांनी चार रोट्या मागितल्या.

"तुमच्या फोनवर माझा अजून भरवसा नाही. तुझ्यावर आहे," ते म्हणाले.

हळूहळू गिऱ्हाईक परतलं. ॲप मात्र परत कुणी घेतलं नाही, आणि वसीलानंही कुणाला गळ घातली नाही. तिनं स्वतःचं ठेवलं. वर्गात फोन थरथरला की तिचा खडू थांबतो, आणि ती फोनच्या आधी पोरांच्या चेहऱ्यांकडे बघते.